भिंतीवर तुझंच अंग

यशवंत,

सुपेल्याच्या फोटो स्टुडिओत तुझं डोकं एका परक्या माणसाच्या अंगावर बसवलेलं पाहिलं, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला हसू फुटलं. शेजारी कुसुमताई उभ्या होत्या. बहीण भावाच्या तेरवीचा फोटो बघायला आली आहे आणि भावाचा मित्र हसतो आहे, हे बरं दिसलं नसतं. मी रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्यासारखं केलं.

संगणकाच्या पडद्यावर तू काळ्या कोटात होतास. लाल टाय, सरळ खांदे, सपाट पोट. सुरईवर भोपळा ठेवावा तसा तुझा चेहरा त्या बारीक मानेवर ठेवला होता. दाढी खालून कातरून टायच्या गाठीपाशी संपवली होती. शर्टाचं वरचं बटण लावलं तरी जे बाहेर डोकावायचे, ते छातीवरचे केस कुठेच नव्हते.

"अंकल की बॉडी थोड़ी हेवी थी ना, तो मैंने स्मार्ट कर दिया," स्टुडिओवाला म्हणाला. त्याने मन लावून काम केलं होतं, हे दिसत होतं. "कोट पसंद नहीं तो शेरवानी भी है. कुर्ता-जॅकेट भी है."

त्याने एकेक करून दाखवलं. कपडे बदलत गेले, आतला माणूस तोच राहिला. आपल्याकडे हे असंच चालतं. जिवंतपणी माणसाचा नीट फोटो कोणी काढून ठेवत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून चेहरा उचलायचा आणि तयार कोटात बसवायचा. भिलाईत आणि दुर्गात कितीतरी घरांच्या भिंतींवर हा एकच सडपातळ माणूस डोकी बदलून टांगलेला असेल.

तू गेल्यानंतरच्या या दिवसांत माझ्यापुढे प्रश्न एकच होता. भिंतीवर तू कोणत्या अंगाने राहणार? इतरांना ती सजावटीची बाब वाटली असेल. ज्याने अर्धा जन्म लाजण्यात घालवून मग स्वतःचं अंग ताठ मानेनं वागवायला शिकून घेतलं, त्याला मेल्यावर दुसऱ्याच्या अंगात घालायचं, हे मला सहन होणार नव्हतं. पण मला काय सहन होतं याला तिथे काय वजन? मी तुझा कोण, हे मोहन नगरच्या तुझ्या ताईच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. आपण इतकी वर्षं एकमेकांचे होतो. त्या घरासाठी मी 'सर' होतो, रविवारी तुझ्या क्वार्टरवर पुस्तकं घेऊन येणारा तुझा मित्र.

तुझ्या अंगाला पडलेली नावं तूच मला सांगितलीस. शाळेत ढोल्या. कबड्डीच्या मैदानावर भैंसा. भिलाईच्या पोलाद प्लांटात रेल मिलला लागलास तेव्हा कँटीनमधले लोक तुला 'डबल थाली' म्हणायचे. उन्हाळ्यात शर्ट काढून बसायची सोय नव्हती, शेजारची बाई म्हणायची, "बाप्पा, किती केस या पोराले!" भिलाईतला मे महिना, आणि तू गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आपली ओळख झाली ती नेहरू नगरच्या वाचनालयात. तू पुस्तकासाठी आला नव्हतास, पंख्यासाठी आला होतास. मी समोरच्या खुर्चीवर वाचत होतो, आणि तू मासिक उलटं धरून बसला होतास. मी ते सुलटं करून दिलं. तू म्हणालास, "मले कुठं वाचायचं हाये?" तेव्हापासून तू मला मास्तर म्हणायला लागलास. मी खरोखरच मास्तर आहे, हे तुला पुढे कळलं.

मग एक दिवस तू फोन घेऊन जुनवानीच्या माझ्या खोलीवर आलास. चप्पलही काढली नाहीस, फोनचा पडदा माझ्या डोळ्यांपुढे धरलास.

"मास्तर, हे पाय. आपल्यावानी लोकाईसाठी शब्द हाये."

शब्द होता बेअर. जगात कुठेतरी जाड, केसाळ, दाढीवाल्या पुरुषांनी, पुरुषांवरच जीव असलेल्या पुरुषांनी, स्वतःला अस्वल म्हणवून घेतलं होतं. लपून नव्हे. त्यांचे मेळे भरत होते, त्यांचा झेंडा होता. फोटोत ती माणसं पोटं पुढे काढून, छाती उघडी टाकून उन्हात उभी होती आणि हसत होती. तू ते फोटो बोटाने मोठे करून करून पाहिलेस. त्यांच्या चेहऱ्यांकडे तुझं लक्ष नव्हतं. तू पोटं बघत होतास.

"हे लपवून नाही राहिले," तू म्हणालास. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तू शर्टाची वरची बटणं उघडी टाकून आलास. बाजारातून, भर दुपारी, सायकल हातात धरून चालत. मी खिडकीतून तुला येताना पाहिलं. आजही कोणी मला विचारलं की अभिमान म्हणजे काय, तर मला ती दुपार आठवेल.

त्या एका शब्दामागून बाकीचे आले. वयाने कोवळा, नाहीतर बुटका आणि गुबगुबीत, तो कब. आपण त्याला पिल्लू म्हणायला लागलो. केस पिकलेला तो पांढरं अस्वल. शिडशिडीत, केसाळ आणि जरा तापट तो लांडगा. थोराड, सगळ्यांना सांभाळून घेणारा, त्याला तिकडे डॅडी म्हणतात. आपल्या छत्तीसगढात त्याला शब्द आधीपासून तयार होता, दाऊ. तो तुला पहिल्या रविवारी चिकटला तो कायमचा. आणि माझ्यासारखा, अंगाने काडी पण सगळीकडे केस, तो ऑटर.

"ऑटर म्हंजे?"

मी भूगोल शिकवतो, प्राणी मला माहीत होता. "पाणमांजर," मी म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

"मांजर! मास्तर, तू मांजर निघाला बे!"

"ते पाण्यातलं असतं. मांजराच्या कुळातलं नाही."

"राहू दे, राहू दे. मिशा तं त्याच हाये."

स्वतः अस्वल नाही पण अस्वलांवर जीव टाकतो, अशा माणसालाही तिकडे नाव आहे. त्याला आपण मोहफूल म्हणायचं ठरवलं, कारण आपल्या जंगलातलं अस्वल मोहाच्या झाडाखालीच सापडतं. राजनांदगावचा आपला बँकवाला मित्र, बारीक आणि अंगावर केस नसलेला, याला हरकत घेऊन बसला. त्याचं म्हणणं, तो स्वतः अस्वलाच्या मागे धावतो, मोह कुठे धावतो? तू कढईतून मान वर न काढता म्हणालास, "अस्वल मोहाकडं जाते का मोह अस्वलाले वढते, हे जंगलात जाऊन कोणं पायलं?"

तुझ्या क्वार्टरच्या मागचं ते अंगण, जांबाचं झाड, रविवारची सकाळ. पोहे, भजी, चहा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, दोस्त जमलेत, आणि ते खोटंही नव्हतं. भिंतीच्या आत मात्र लोक बनियानवर बसत. कोणी पोट आत ओढून बसत नसे. मला वाटतं, तिथे येणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पोट सैल सोडलं ते तुझ्या अंगणात.

रायपूरहून आलेला तो पहिलवान आठवतो? दाढी कोरलेली, दंडावर शिरा, बनियानला श्वास घ्यायला जागा नाही. स्वतःला मसल बेअर म्हणवून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या सुखदेवकडे पाहिलं. सुखदेवचं जुनवानीच्या रस्त्यावर टायरचं दुकान आहे, अंगाने तो तुझ्याहून मोठा, पण लोट्यासारखा गुळगुळीत. छातीवर एक केस नाही, दाढी उगवतच नाही.

"ये कहाँ से बेअर है?" पहिलवान म्हणाला. "ये तो खाली मोटा है. न बाल, न बॉडी."

सुखदेवने बशी खाली ठेवली. इतका वेळ सैल बसलेला तो माणूस पोट आत ओढून बसला. मला ते दिसलं, आणि तुलाही दिसलं असणार. तू झारा हातात घेऊनच चुलीपासून उठलास.

"जंगल के भालू कोन जिम जाथे गा?" तू आधी छत्तीसगढीत बोललास, कारण ते सुखदेवसाठी होतं. मग पहिलवानाकडे वळलास. "भैया, बाहर वालों ने हमको बहुत नापा है. यहाँ अंदर भी नापोगे तो हम जाएँ कहाँ? बैठना है तो सुखदेव के बाजू में बैठ. और भजिया खा."

तो बसला. आधी भजी बोटांनी दाबून तेल काढत होता, मग ते विसरला. पुढच्या रविवारीही आला.

लोक गेल्यावर मी तुला म्हणालो, बघ, मी हेच म्हणत होतो. नावं चाळणी होतात. आधी जगाने तुम्हाला चाळलं, आता तुम्ही एकमेकांना चाळणार. कोणाच्या अंगावर केस किती, कोणाचं पोट मऊ का घट्ट, यावर आत-बाहेर ठरणार असेल तर आपण निराळं काय केलं? तू भांडी घासत होतास. मी कोरडी करत होतो.

"मास्तर, तुले बिना नावाचं राहता येते," तू म्हणालास. "तुले रस्त्यात थांबवून कोणं नाव ठेवलं नाही. मले ठेवलं. मले वाईट नावाच्या जागी चांगलं नाव पाह्यजे होतं. कोरी जागा नव्हती पाह्यजे."

"पण नाव म्हणजे रेघच ना. रेघेच्या पलीकडे कोणीतरी उरतोच."

"मंग शाळेत पोराईले छत्तीसगढची सीमा कावून शिकवतो? पुसून टाक ना नकाशातून."

मी ताटं पुसत राहिलो. उत्तर पुढे सुचलं. सीमा शिकवायची ती मुलांना ती ओलांडता यावी म्हणून. तुला हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "हे पुस्तकातलं हाये, मास्तर," आणि पातेलं माझ्या हातात दिलं असतंस.

मग आजार आला. त्याच्याविषयी मी इथे फार लिहिणार नाही, तो आपल्या घरात पुरेसा राहून गेला. आधी पोट गेलं. मग दंड, मग मांड्या. औषधांनी दाढी नेली, छातीवरचं जंगल नेलं. तुझे शर्ट तुझ्यावर मच्छरदाणीसारखे लोंबायला लागले, तेव्हा तू माझे घालू लागलास. निळ्या रेघांचा माझा शर्ट तुला अगदी बरोबर बसला. आपल्या दोघांचं माप एक झालं होतं. आरशासमोर उभा राहून तू म्हणालास, "पाणमांजर झालो बे." मी हसलो, तू हसला नाहीस.

त्यानंतर तू रविवार बंद केलास. "आता मी कोण हाये तेच मले ठाव नाही," म्हणालास. "त्याईले काय दाखवू?" त्या दिवशी मला आपल्या वादात जिंकता आलं असतं. रेघ आता तुझ्याच अंगावरून गेली होती. पण जिंकून काय करायचं होतं?

सुखदेव न बोलावता आला. भर दुपारी, उसाच्या रसाची पिशवी घेऊन. मला धास्ती होती की तो खोटं बोलेल. सगळेच बोलत होते, "आप तो वैसे के वैसे हो दाऊ." सुखदेव खाटेवर बसला, तुझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "दाऊ, तैं तो एकदम सुखा गे हस." मग त्याने त्याचा जाड तळहात तुझ्या हनुवटीवरून फिरवला. "अउ मोर कस चिक्कन घलो हो गे."

वाळलास, आणि माझ्यासारखा गुळगुळीतही झालास. त्या खोलीत इतके दिवस कोणी उच्चारलं नव्हतं ते त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं टायर कुठे घासला ते सांगावं. तू त्याच्याकडे पाहत राहिलास. मग तुझं पोट, जे उरलं नव्हतं, ते हलायला लागलं. पुष्कळ दिवसांनी तू हसत होतास.

"पाय मास्तर," तू म्हणालास, "केस गेले तं मी सुखदेवच्या पार्टीत. मांस गेलं तं तुझ्या पार्टीत. लोकाईले एक घर भेटत नाही, मले दोन दोन भेटले."

पुढच्या रविवारी तू अंगणात वेताच्या खुर्चीवर बसलास, माझ्या निळ्या शर्टात, बटणं उघडी टाकून. आत दाखवायला काही नव्हतं. तरी उघडी. सगळे आले. पहिलवानाने तुझ्यासाठी रायपूरहून मऊ खिचडीचा डबा आणला होता आणि तो शेवटचा घास संपेपर्यंत तुझ्यासमोर उकिडवा बसून राहिला.

आता पुन्हा स्टुडिओत ये. तो कोट मधुकरभाऊंना, तुझ्या थोरल्या भावाला, फार आवडला होता. ते गोंदियाहून आले होते, स्टुडिओतही आमच्याबरोबर होते, आणि तेरवीचं सगळं त्यांच्याच हातात होतं.

"सायब दिसून राहिला," ते म्हणाले. "हाच करा. समाजाचे लोक येतीन."

कुसुमताईंनी चष्मा पदराने पुसला आणि पडद्याजवळ गेल्या.

"हा कोण हाये?"

"कोण म्हंजे? यशवंता."

"तोंड यशवंताचं हाये. आंग कोणाचं हाये?"

स्टुडिओवाला गडबडला. "माताजी, वो तो सबको यही लगाते हैं."

"त्यानं उभ्या जन्मात कोट घातला नाही," ताई म्हणाल्या.

"लग्नात घातला असता," मधुकरभाऊ म्हणाले. "पण लग्न कुठं केलं त्यानं."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. असं ठरवून न पाहणं मला लांबूनही ओळखू येतं.

"मी त्याले चारून चारून मोठा केला, दादा," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "माय गेल्यावर माझ्या हातचं खाल्लं त्यानं. गल्लीतले लोक म्हणे, कुसुम, भावाले भैंसा करून ठेवला. मी म्हणे, करू द्या. मंग आजारानं माझ्या डोळ्यासमोर त्याले वाळवला. आता मेल्यावर तुमी पुन्हा वाळवून राहिले?"

मधुकरभाऊ दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागले. ताई माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमच्या फोनमंदी असंन. त्याचा खरा फोटो."

होता. तुला ठाऊक आहे कोणता. सुखदेवने काढलेला, अंगणातला, आजाराच्या आधीच्या हिवाळ्यातला. तू बनियानवर, दाढीत पांढरं यायला लागलेलं, छातीवरचे केस बनियानच्या वरून सांडलेले, पोट मांडीवर निवांत टेकलेलं. कोणाच्या तरी बोलण्यावर तोंड उघडून हसतो आहेस. आणि तुझ्या खांद्यावर एक हात आहे. हाताचा माणूस चौकटीत नाही, मनगटापर्यंतच हात आहे, पण तो ज्या तऱ्हेने टेकला आहे ते बघणाऱ्याला कळतं. निदान मला वाटायचं, कळेल. म्हणून तो फोटो मी कोणाला दाखवत नसे.

मी फोन ताईंच्या हातात दिला.

"बनियानवर?" मधुकरभाऊ म्हणाले. "तेरवीचा फोटो बनियानवर लावते का कोणी?"

"घरी तं तो बनियानवरच राहे," ताई म्हणाल्या. "आन घरीच लावायचा हाये."

स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून पडद्यावर घेतला. तुझं पोट पडदाभर झालं. तो मान हलवत कामाला लागला. पाठीमागची दोरीवरची चड्डी काढली, ते बरं केलं. मग म्हणाला, "ये हाथ किसका है? हटा देता हूँ. पता भी नहीं चलेगा."

ताईंनी मला विचारलं, "हात कोणाचा हाये?"

"माझा," मी म्हणालो.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. हाताकडे, मग तुझ्या हसण्याकडे, मग परत हाताकडे. त्यांना काय काय दिसलं ते मी सांगू शकणार नाही.

"राहू द्या," त्या स्टुडिओवाल्याला म्हणाल्या. "कावून काढता? हात काय करून राहिला?"

तेरवी काल झाली, यशवंत. मोहन नगरच्या गल्लीत मांडव घातला होता. दारासमोर खुर्चीवर तुझा फोटो, झेंडूचा हार घातलेला. हार छोटा पडला. कोटातल्या माणसाच्या मापाचा आणला होता बहुधा, तो तुझ्या खांद्यांवरून पुरता खालीच आला नाही. येणारे लोक फोटोसमोर थबकत होते. एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "बनियानवर हाये वो!" दुसरी म्हणाली, "पण हासून कसा राहिला पाय."

आपले लोक आले. सुखदेव, राजनांदगावचा बँकवाला, रायपूरचा पहिलवान, आणखी कितीतरी, ज्यांना मी रविवारीच काय ते पाहिलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बँकवाला सोडला तर भल्या मोठ्या अंगांचे, बहुतेक दाढीवाले. गल्लीच्या तोंडाशी घुटमळले. आत यावं की नाही, कुठे बसावं, हे त्यांना कळेना. मलाही कळेना. मांडवात समाजाची मंडळी बसली होती आणि आमची जागा कुठेच आखलेली नव्हती.

तुमच्या समाजातले एक वृद्ध काका, आमगावचे, काठी टेकून फोटोसमोर बसले होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग त्या मंडळींकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"मधुकर," त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "हे तुमच्या कोणत्या गावचे लोक? बांधा तं यशवंताचाच दिसते सगळ्याईचा. हे भाऊबंद मी कधी पायले नाही."

मांडव वळून बघायला लागला. मधुकरभाऊ वरणाच्या बादलीपाशी उभे होते. आतून, चुलीपासून, कुसुमताईंचा आवाज आला.

"घरचेच हाये, काका."

मधुकरभाऊ तसेच उभे राहिले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, सुखदेवकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ठरवून न पाहणारा तो माणूस या वेळी माझ्याकडे सरळ पाहत होता. चेहरा रागातच होता, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी वरणाची बादली उचलली आणि सुखदेवच्या हातात कोंबली.

"घरचे हाये तं उभे काय राहिले?" ते ओरडले. "वाढायले लागा!"

तू पाहायला हवं होतंस. पहिलवान दोन्ही हातांत भाताच्या बादल्या घेऊन पंगतीतून असा फिरला की म्हाताऱ्या त्याला मुद्दाम परत बोलवत होत्या. बँकवाला लिंबं वाढत होता. सुखदेवला एका म्हातारीने वरण पातळ झालं म्हणून दटावलं, तर तो म्हणाला, "आजी, मैं तो खाली परोस रहा हूँ," आणि तिला आणखी वाढलं. मी पाणी दिलं. एका पंगतीला काकांनी मला थांबवलं आणि विचारलं, "तुमी पण घरचेच का?" मी हो म्हणालो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं.

तू असतास तर म्हणाला असतास, "पायलं मास्तर? नावानं घर दिलं." आणि मी म्हणालो असतो की नाव त्या काकांना माहीतच नव्हतं, त्यांनी फक्त अंग पाहिलं. तू म्हणाला असतास, आंगालेच तं नाव हाये. हा वाद मी सोडलेला नाही. तो इथेच ठेवतो, तुझ्या बाजूची वाक्यंही आता मलाच बोलावी लागणार.

समाजाच्या पंगती उठल्या. गल्लीतले लोक जेवले, मांडववाले जेवले. तेरवीला घरच्यांनी सगळ्यांच्या शेवटी बसायचं असतं. आपली मंडळी हात धुऊन निघायच्या बेतात होती. ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी ओसरीवर पानं मांडायला सुरुवात केली.

"कुठं चालले?" त्या म्हणाल्या. "बसा. सर, तुमी इकडं बसा, माझ्याजवळ."

आम्ही बसलो. मधुकरभाऊ सुखदेवच्या शेजारी बसले, कारण ओसरीवर दुसरी जागा नव्हती, आणि सुखदेवने मांडी आवरून त्यांना जागा दिली. ताईंनी पातेली तळापासून खरवडली. वडे केव्हाच संपले होते. भात खालचा, जरा लागलेला, वरणात डाळ शोधावी लागत होती आणि बुंदीच्या परातीत नुसता चुरा उरला होता. घरच्यांच्या वाट्याला तेच येतं.